नवसाचा पहिला रोडगा

मित्रांनो, मी लाकडाची एक जुनी रवी आहे. माझ्याकडून गोड गोष्टीची अपेक्षा ठेवू नका. मी चिडलेली आहे.

सिंदी रेल्वे नावाच्या गावच्या एका सुताराने मला घडवलं. किराणा दुकानवाल्या बंडूजींच्या घरी शोभाबाईंनी मला वर्षानुवर्षं घुमवलं. शेजारणी ताकासाठी लोटे घेऊन येत, तोंडभर कौतुक करत. मग मिक्सर आला, पाठोपाठ पिशवीतलं ताक आलं आणि मी दाराआड खिळ्याला लटकले. कोळ्यांनी माझ्यावर जाळी विणली.

मला खाली काढलं ते सुनेने, प्रेरणाने. ती वर्ध्याच्या शाळेत शिकवते, गाडीने जाते-येते. पोट तिला वेठीला धरत असे. निघायच्या वेळी कळ यायची आणि गाडी चुकायची. वर्गात फळ्याकडे तोंड करून ती घाम पुसायची. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. जखम नाही, गाठ नाही. आतडी चिडकी झालीत, जन्मभर सांभाळावी लागतील, असं सांगितलं. घरचे म्हणाले, "मनाचे खेळ हायत." म्हणे खेळ! पोट धरून वाकलेली ती मी रोज पाहत होते. शेवटी तिने लांब रजा टाकली. रजा संपल्यावर हजर झाली नाही, तर नोकरी जाणार होती.

मग ती एका वैद्यबाईंकडे गेली आणि त्यांनी साधंच सांगितलं. वेळेवर, गरम आणि चावून जेवा. मुगाचं वरण, मऊ भात, दुधी खा. उपाशीपोटी चहा नको, तिखट-तेलकट नको, जागरण नको. दुपारच्या जेवणात ताजं, गोडसर ताक, लोणी काढून, भाजलेलं जिरं घालून. डॉक्टरांच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, हेही बजावलं. म्हणून ती मला घुमवू लागली. हळूहळू कळा कमी झाल्या. माझ्यामुळे, असं मी म्हणणार नाही. तिने रोज पथ्य पाळलं म्हणून.

आणि श्रेय कुणाला मिळालं? शोभाबाईंच्या नवसाला! सुनेचं पोट बरं झालं तर मारुतीजवळ रोडग्यांचं जेवण देईन, असं त्या बोलल्या होत्या. रविवारी जेवण ठरलं. सोमवारी रजा संपून प्रेरणाची शाळा सुरू होणार होती.

देवळामागे गोवऱ्यांच्या आरावर, निखाऱ्यांत, कणकेचे जाडजूड रोडगे भाजले. वांग्याच्या भाजीवर बोटभर लाल तेल. ताकासाठी मलाही नेलं होतं.

"घे वं प्रेरणा, पहिला रोडगा तुह्या नावाचा हाय," शोभाबाई म्हणाल्या.

"आई, मले नको. उद्या शाळा हाय."

"काऊन? बरी झाली ना आता? एका रोडग्यानं काय होते?"

"मास्तरीनबाईले देवानं काचेचं पोट देल्लं वाटते!" एक पाहुणी म्हणाली. पंगत हसली. नवरा नीलेश मान खाली घालून पुढचा घास मोडत राहिला. वा रे मर्द!

"खाऊन घे बेटा," बंडूजी कुजबुजले, "तुही सासू रुसंल."

शोभाबाईंचा आवाज चढला. "देवाच्या पानाले नाई म्हनतं? नवस उलटंल माय!"

प्रेरणाने पानावर हात आडवा धरला. "आई, नवस तुमचा होता. माह्यासाठी बोलल्या, समजते मले. मानाचा रोडगा तुमीच खा. उद्या पोट बिघडलं तर माह्या जागी मारुती थोडीच अर्ध्या रस्त्यात गाडीतून उतरंल? मलेच उतरा लागंल."

तिने वरण-भात खाल्ला, वर वाटीभर ताक घेतलं. सोमवारी शोभाबाई शेजारणीला सांगत होत्या, "नवस अर्धाच फिटला वं." सांगू देत. तोवर प्रेरणा वर्गात पोहोचली होती.

मित्रांनो, मला धुऊन-पुसून जपा, असं मी म्हणणार नाही. लाकडाला कळ येत नाही, माणसाला येते. सांभाळून जगणाऱ्या माणसाला थोडं बरं वाटलं, म्हणजे त्याला पुन्हा बिघडवायची तुम्हाला मुभा मिळाली, असं नव्हे. त्याने पानावर हात आडवा धरला, की तुमची पळी मुकाट्याने पुढच्या पानाकडे न्या.