टोकाची गाठ

मयूरा पुण्यात असताना नऊ वर्षं सह्याद्रीतले कडे दोरावरून उतरत असे. दोर खाली सोडण्याआधी टोकाला गाठ मारायची, ही तिथली पहिली शिकवण. दोर अपुरा पडलाच तर माणूस गाठीवर अडकतो, खाली जात नाही.

ती आता ऑस्ट्रेलियात, टाउन्सविलला भूशास्त्र शिकत होती. त्या वर्षी तिथे एवढे विद्यार्थी आले होते, की दुकानातली शिफ्टही मिळेना. समोरच्या जंगली बेटावर पर्यटकांना धबधबे उतरवत ओढ्यातून नेणाऱ्या ग्लेनला मदतनीस हवा होता. मयूराला हे काम मनापासून हवं होतं. आज तिची चाचणी होती आणि पर्यटक म्हणून तिने फ्लॅटमेट वेदला आणलं होतं.

"म्हणजे मी प्रयोगशाळेतला उंदीर," वेद म्हणाला.

"उंदीर एवढी बडबड करत नाहीत."

तिसरा धबधबा अठरा मीटरचा, खाली डोह. ग्लेन आधी उतरून काठावर थांबला. मयूराने दोर वर ओढून पुन्हा लावला आणि वेद निघाला. पाण्याला टेकला आणि तिथेच अडकला. धार थेट हेल्मेटवर कोसळत होती. तो डोकं वर काढायचा, पुन्हा आत जायचा.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. डोहात उतरताना टोक मोकळं ठेवायचं, म्हणजे दोरातून सुटून पोहता येतं, हे ग्लेनने सकाळीच सांगितलं होतं. तिने मान डोलावली होती. बोटांनी मात्र गाठ मारली होती.

वरची बांधणी तरी तिने ग्लेनच्या पद्धतीने, सैल करता येईल अशी केली होती. तिने झटकन दोन मीटर दोर सोडला. वेद धारेबाहेर वाहत गेला आणि खोकत काठाला लागला.

ती खाली पोचली तेव्हा टोकाला गाठ नव्हती. वेदने पाण्यातच सोडवली होती.

"पाय अडकला, मेट. नो वरीज," तो ग्लेनला सांगत होता.

"दोर वेळेवर सोडलास," ग्लेन मयूराला म्हणाला. "पुढच्या शनिवारपासून ये."

"पाय नव्हता अडकला. मी टोकाला गाठ मारली होती."

"अगं, निभावलं होतं ना सगळं," वेद मराठीत पुटपुटला.

"शनिवारी दोरावर तू नसशील. दुसरं कोणीतरी असेल."

ग्लेनने दोर गुंडाळून पिशवीत भरला. "शनिवारी ये," तो म्हणाला. "सामान वाहायचं. मी सांगेपर्यंत दोराला हात नाही."

परतीच्या बोटीत तिने ग्लेनकडून दोरीचा एक तुकडा मागून घेतला, वेदला घड्याळावर वेळ मोजायला सांगितलं आणि समुद्राकडे बघत बोटं चालवली.

"चार सेकंद," वेद म्हणाला. "आणि तू बघतही नव्हतीस."

"तेच तपासायचं होतं," ती म्हणाली आणि गाठ सोडवू लागली.