उखाण्याबाहेरचं नाव

तुमी हसाल, पण नवऱ्याचं नाव मी उखाण्याबाहेर कधी घेतलं नाय. बायकोने नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं सासूने लग्नातच बजावलेलं.

आता ह्या फोनचं मेलं वेगळंच. आमच्या धसईच्या बचतगटात अनिता फोन शिकवते. मला वाचता येत नाय, म्हणून तिने सगळं बोलून चालेल असं करून दिलं. माइक दाबायचा, "अंजूला फोन लाव" म्हणायचं, की लेक लगेच "बोल गो आये!" ह्यांचा नंबर घालताना अनिताने नाव विचारलं, तर मी पदर तोंडाला लावला. शेजारच्या पारूनेच सांगून टाकलं, मेलीने.

त्या दिवशी हे गोळ्या आणायला मुरबाडला गेले. सकाळपासून छातीत जड वाटतंय म्हणत होते. जाऊ नका म्हटलं, तर ऐकतायत कसले! दुपारची एसटी आली, सगळे उतरले, हे नाय. अंजूला लावला, तिचा फोन बंद. पारूकडे धावले तर दाराला कुलूप, सगळी आळी हळदीला गेलेली.

म्हणजे नाव मलाच घ्यायचं. माणसाचा पत्ता नाय, आणि त्यात मीच त्याचं आयुष्य कापू? मग सुचलं, उखाण्यात चालतं की! माइक दाबला नि म्हटलं, "खाचरातल्या भाताला लोंब्यांचा भार, दामूरावांचं नाव घेते, तेच माझा आधार."

फोनने मला भाताची चित्रं दाखवली.

"अरे मुडद्या!" मला रडूच फुटलं. देवापुढे कान पकडले, डोळे मिटले आणि म्हटलं, "दामूला फोन लाव."

उचलला कुणी परक्या बाईने. "आजोबा स्टँडवर चक्कर येऊन पडलेत. ॲम्ब्युलन्स बोलावलीय. त्यांचा फोन उघडेना, कुणाला कळवायचं तेच कळत नव्हतं. शुद्धीवर येत नाहीत हो. थांबा, फोन त्यांच्या कानाशी धरते, तुम्ही हाक मारा."

"अहो," मी म्हटलं. "अहो, ऐकलंत का?"

नुसता गाड्यांचा आवाज. 'अहो' तर स्टँडवर कुणीही कुणालाही म्हणतं, त्यांना काय कळणार! मग मात्र माझा धीर सुटला. खड्ड्यात गेली सासूची शिकवण. ओटीवर उभी राहून मी बोंबलले, "दामू! ए दामू! ऊठ रे!"

मग बारीक, खोल गेलेला आवाज आला, "आये?"

सासूला जाऊन वर्षं झाली. तिच्यामागे त्यांना नावाने हाक मारणारं घरात कुणी उरलंच नव्हतं.

"आये नाय हो, मी हाय," मी रडत म्हटलं. "तिच्याकडं नका जाऊ. इकडं या."