आठवं पान

माह्या गौन्याले आडवं कोण आलं असेल? सासू नाही, ग्रह नाही, पैसा नाही. रसायनशास्त्र! हसा, हसून घ्या. तुमच्यावर आलं असतं तं समजलं असतं.

लग्न झालं तेव्हा मी परकर नेसत होती. आमच्या पोवारांत तेव्हा तसंच होतं. लग्न लहानपणी लागे, पोरगी मायबापाकडंच राहे, आन मोठी झाली का गौना करून सासरी नेत. पण माहे सासरे छोटेलाल पटील शब्दाचे पक्के. त्यांनी सांगून टाकलं, "पोरगा नागपुरात इंटर सायन्स पास होईल, तेव्हाच गौना." आन पोरगा, म्हणजे माहे घरवाले, रसायनात एकदा नापास, मंग पुन्हा नापास. नाव रूपलाल. एकदा घेतलं, आता घेणार नाही. माह्या बरोबरीच्या पोरी कडेवर लेकरं घेऊन माहेरी यायले लागल्या, आन मी सालेकशाजवळच्या आमच्या गावात बापाच्या घरचे धान पाखडून राहिली. "गोमती, तुहा नवरा अजून शाळेतच हाये का वं?" असं विचारत मेल्या. जीव जळे माहा.

दिवाळी झाली का आमच्याकडं गावोगावी मंडईची जत्रा भरते, दंडार नाचते, पाहुण्यांनी घरं भरतात. त्या साली मंडईले सासरे आन ते, दोघंही आले. माहं काम एवढंच, का ओसरीवर पाण्याचा गडवा ठेवायचा आन आत पळायचं. गौन्याआधी नवऱ्याशी बोलणं म्हणजे तोंडाले काळं. मी तोवर त्यांचे पायच पाहिले होते. पाय बरे होते.

माहे बाबा कुंजीलाल, त्यांना साऱ्या जगाच्या चौकशा. संध्याकाळी ओसरीवर बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "जवाईबाबू, जपानवर थो ॲटम बम टाकला म्हणतात. हा ॲटम म्हणजे असते तरी काय?"

झालं, हे सुरू झाले. बाबा हातभर अंतरावर बसले होते, आन हे असे बोलत जसा काही सासरा ठार बहिरा हाये. मले का समजत नाही? मी सुपात तांदूळ घेतले आन दाराआड निवडत बसली.

"मामाजी, सोन्याचा तुकडा फोडत फोडत गेलं का शेवटी जो सोन्याचा कण उरते, थो अणू. ॲटम म्हणतात थो हाच. त्याच्या मधात गाभा, जवळजवळ सारं वजन तिथंच. आन गाभ्याच्या भवताल इलेक्ट्रॉन, रांगा करून."

"पंगतीवानी?" बाबांनी विचारलं.

"तसंच समजा. पहिली पंगत दोघांची. थे भरली का दुसरी, आठांची. मंग तिसरी. बाहेरची पंगत पुरी भरली का अणू सुखी, त्याले कोणाचं काही लागत नाही."

मंग त्यांनी तक्ता सांगितला. लोखंड, सोनं, गंधक, हवेतले वायू, असे जगातले सारे मूळ जिन्नस एका तक्त्यात बसवले हायेत म्हणे. हलके वर, भारी खाली. बाबांनी मांडीवर थाप मारली. "अरे, हे तं आमचंच! हलका धान वरच्या बांधीत, भारी धान खालच्या."

"हो. आन एका उभ्या ओळीतले स्वभावानं भाऊ-भाऊ, कारण बाहेरच्या पंगतीत त्यांची माणसं सारखीच. आन मामाजी, जे जिन्नस तेव्हा कोणाले सापडलेच नव्हते, त्यांच्यासाठीही तक्ता करणाऱ्यानं घरं खाली, म्हणजे रिकामी ठेवली. मागून सापडले, आन बरोबर आपल्या घरात जाऊन बसले."

खाली घर ठेवून वाट पाहणारा थो माणूस मले लय आवडला. कोणत्या मुलखातला होता देव जाणे.

मंग ते म्हणाले, "क्लोरीन नावाचा वायू हाये. बाहेरच्या पंगतीत सात जण, एक जागा खाली. त्या एका जागेपायी त्याले चैन नाही. आन सोडियम म्हणून धातू हाये, त्याच्या बाहेरच्या पंगतीत एकटाच बसला, कधी उठून जातो असं त्याले होते. सोडियम पाण्यात पडला का पेटते, क्लोरीन तं विषच. पण थो एकटा उठून त्या खाली जागेवर गेला का दोघांचं मिळून मीठ होते. आपण खातो थे."

"हात्तिच्या!" बाबा म्हणाले.

तेच तेच तांदूळ मी किती वेळ निवडले, कोण जाणे. तक्ता बाबांले सांगून राहिले होते, खाली जागा मले. रडू आलं मले, आन राग बी आला. मेलं एवढं सांगायले क्लोरीन कायले लागते?

दुसऱ्या दिवशी दुपारी पंगत होती. पुरुषमाणसं सात. पानं मांडायचं काम माहं. जवायाचा पाट नक्षीचा, म्हणून ते कुठं बसणार हे ठाऊक होतं. तोंडानं बोलता येत नाही तं असं तरी, म्हणून मी त्यांच्या बाजूले आठवी पत्रावळ मांडली. आन तिथं कोणी नाही. वाटलं, ते पाहतील, गालात हसतील, आन मी पान उचलून घेईन.

पाहिलं सासऱ्यांनी. त्यांच्या हातातला घास पानात पडला. "पंगतीत पितराचं पान कोणं मांडलं? माह्या जित्या पोराच्या बाजूले! कोण मेलं या घरी?"

अगं बाई! माणूस नसलेलं पान आमच्यात पितराचं, थे पितृपाटातच मांडतात. हे मले सुचलंच नाही. इकडं सात-आठ करत बसली, आन पितर विसरली, येडी! मायनं कपाळावर हात मारला. सासरे तं उठायलेच लागले. भरल्या पानावरून इवाई उठून गेला, का सोयरिकीचं काही खरं नसते.

बाबांनी त्यांचा हात धरला. "बसा इवाई, बसा! पितराचं नाही थे. थे क्लोरीनचं पान हाये."

"कोणाचं?"

"जवाईबाबूले विचारा."

यांचे कान लाल. मी दाराआड हात जोडून उभी, बोला ना जी, बोला. शेवटी बोलले. सारं सांगितलं, पंगती, खाली जागा, मीठ. पण काल गल्लीभर ऐकू जाणारा आवाज आज इतका बारीक, का सासऱ्यांले वाकावं लागलं.

"येवढं समजते तुले?"

"हो, बाबूजी."

"मंग नापास काऊन होते रे, गाढवा?"

"पेपरात मन नाही राहत."

"मंग कुठं राहते?"

साऱ्या पंगतीनं दाराकडं पाहिलं. मी पदर ओढून धानाच्या ढोलीमागं लपली.

सासरे खाली बसले. "जेवा," एवढंच म्हणाले. गौन्याचं नावच नाही.

सांजेले स्टेशनावर जायले रेंगी जुंपली. सासरे रेंगीत बसले. हे बाबांच्या पाया पडले आन म्हणाले, "मामाजी, आता पास झाल्याशिवाय तोंड दाखवणार नाही."

माही तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे अजून किती? मी दाराबाहेर आली, साऱ्या गल्लीसमोर, सासऱ्यासमोर.

"नापास झाले तरी या!"

"बया!" माय ओरडली. यांनी मान वर केली आन पहिल्यांदा माह्याकडं पाहिलं. मी बी पाहिलं. तोंडाले काळं तं काळं.

सासऱ्यांनी कासरा हातात घेतला. मंग म्हणाले, "कुंजीलाल, तुमची पोरगी मोठ्यानं बोलते." बाबांनी हात जोडले. "वैशाखात अक्तीले येतो न्यायले. हा पास होवो, नाही तं ढोरं राखो." आन बैलं हाकली.

लोकांले वाटलं, आता तरी पोरीले चैन पडलं असेल. कुठलं! इतकी वर्षं मी दात आवळून काढली, हूं का चूं केलं नाही. पण त्या मंडईपासून अक्तीपर्यंतचे महिने माह्याच्यानं निघता निघेनात. पाणी भरायले गेली, का भरली घागर खाली ठेवून मी आगगाडीच्या रुळाकडं पाहत उभी राहायची, आन माय घरून हाका मारून मारून थकायची.