करंजडोहाचं पाणी

दुपारी बारापर्यंत मासा लागला नाही तर नथू मुकादम करंजडोहात सुरुंग टाकणार होता.

हे त्याने लपवून ठेवलं नव्हतं. सुरुंगाची पेटी त्याच्या दोन गड्यांनी बांबूला लटकावून काठावर आणली होती आणि आता त्याच पेटीवर बसून तो विडी ओढत होता. कावसजी साहेबाने ते पाहिलं आणि हातातली गळाची दांडी तशीच धरून तो ओरडला, "अरे गाढवा! उतर खाली! तुला उडायचं तर उड, माझा मासा घाबरेल!"

मुकादम उठला, चार पावलं लांब गेला आणि तिथे बसला. विडी काही टाकली नाही.

सन एकेचाळीसचा आश्विन होता. डोळखांबकडे नवीन रस्ता चालला होता. कावसजी साहेब त्या रस्त्याचा इंजिनेर, मुंबईचा पारशी. माणूस दिलदार, पण गळाचं वेड डोक्यात शिरलेला. त्या रात्री खर्डीच्या बंगल्यावर बडा साहेब जेवायला येणार होता आणि त्याला शाई नदीचा खडस मासा पाहिजे होता. मुकादम म्हणाला, "एक कांडी टाकतो, टोपलीभर मासे देतो." साहेब म्हणाला, "बारापर्यंत थांब. मी दांडीवर धरतो. नाहीच लागला तर मग तू आणि तुझी कांडी." बारा वाजता माणूस मासा घेऊन निघाला तरच तो पायी चालत वेळेवर खर्डीला पोचणार होता.

साहेबाला मासा कुठे बसलाय ते दाखवायचं काम कमळूचं होतं. पाड्यात त्याच्याइतका गळ टाकणारा दुसरा नव्हता. आदल्या वर्षी याच नदीवर खाली बामणडोहात कुणीतरी सुरुंग टाकला होता. मोठे मासे गेले ते गेलेच, बोटाएवढं पिल्लूसुद्धा पांढरं पोट वर करून तरंगलं. तेव्हापासून बामणडोहात बेडूक तेवढे उरले होते. चैत्रात, घरात भाताबरोबर घ्यायला काही नसायचं तेव्हा कमळूचा पाडा या करंजडोहावर जगायचा. तो गेला तर काय, हे कमळूला कुणी सांगायला नको होतं.

आणि सकाळपासून एक मासा शिवला नव्हता.

"कमळू," साहेब म्हणाला, "तू बोलला इथे हाय. मी पन्नास वेळा टाकला. किधर हाय?"

"हाय साहेब. इथंच हाय. टाका तुमी."

साहेबाने दांडी मागे नेऊन फेकली. दोरीच्या टोकाला गळ आणि गळाला पितळेचा चमचा. तो पाण्यात गरगर फिरायचा आणि मोठ्या माशाला वाटायचं, छोटा मासा पळतोय. पहिल्यांदा तो चमचा पाहिला तेव्हा कमळू पोट धरून हसला होता. "साहेब, मासा काय जेवायला बसतो? पानबीन मांडू काय?" मग त्याच चमच्यावर साहेबाने दोन हात लांबीचा खडस काढला आणि कमळूचं हसणं थांबलं. त्या दिवसापासून दोघांचं जमलं.

पण आज चमचा रिकामा येत होता. कमळूने पुन्हा पलीकडच्या काठाकडे पाहिलं.

पलीकडे पाड्यातल्या बायकांचा पाणवठा होता. तिथे भांडी घासायचा एक काळा, वरून सपाट दगड होता. त्याला बाईजाचा दगड म्हणत. बाईजा कमळूची बायको. माघात तापाने गेली, त्याला आठ महिने झाले होते.

कमळू गळ टाकण्यात हुशार, पण पाणी वाचायची ती. वीस वर्षं रोज सकाळी ती हंडा घेऊन घरी आली की उंबऱ्यातूनच सांगायची, "आज दगड अर्धा बुडालाय," नाहीतर, "आज दगडाचं डोकं तेवढं वर हाय." दगड सगळा बुडालेला आणि पाणी गढूळ असलं तर गळाला हात लावायचा नाही. अर्धा बुडाला की मासा डोहाच्या तोंडाशी, वरून पाणी धडधडत पडतं तिथे. दगड सगळा कोरडा पडला की मासा तोंड सोडतो आणि डोहाच्या शेपटाला जातो, पाणी पसरून पातळ होतं तिथे. हे गणित दोघांनी मिळून बसवलं होतं. ती पाणी बघायची, तो मासा धरायचा. बायकांच्या पाणवठ्यावर पुरुषाने जायचं नाही, असा पाड्याचा रिवाज होता. त्यामुळे कमळूने तो दगड जवळून कधी पाहिलाच नव्हता. आज पहाटे अलीकडच्या काठावरून पाहिला. अर्धा पाण्यात होता.

म्हणून त्याने साहेबाला तोंडाशी उभं केलं होतं.

"साहेब, अकरा वाजले," मुकादम म्हणाला. मग कमळूकडे वळून, "काय रे, तुझ्या माशाला आवतण दिलंस की नाही? का सुपारी ठेवायची राहिली?"

त्याचे गडी हसले. त्यांतला एक सुरुंगाची वात सोडवत बसला होता.

"तुमी गप बसा मुकादम," कमळू म्हणाला. "बारा वाजायचे हायत अजून."

तो पाण्याकडे वळला. दगड बरोबर, पाण्याचा रंग बरोबर, हिरवा, करवंदीच्या पानासारखा. मग मासा कुठे गेला? आठ महिन्यांत आपण पाणी विसरलो की काय? का सगळं तिचंच होतं आणि आपण नुसती दोरी ओढत होतो?

तेवढ्यात पलीकडून भांड्यांचा आवाज आला. कमळूच्या थोरल्या भावाची बायको धोंडीबाई टोपली घेऊन पाणवठ्यावर उतरली होती. तिच्यामागून शेजारची शकू आणि आणखी दोघीतिघी.

"ओ भावजी!" धोंडीबाईने तिकडून हाक घातली. तिचा आवाज असा की दोन डोंगरांना ऐकू जावा. "काय घावलं काय? का साहेबाला नुसतं ऊन खायला आणलाव?"

"नाय लागत वयनी!"

"तोंडाला कशाला बसलाव मग? तिथं काय पाणी उरलंय?"

"उरलंय की! दगड बगा ना, अर्धा पाण्यात हाय!"

धोंडीबाईने पायाजवळच्या दगडाकडे पाहिलं. मग कमळूकडे. मग तिने कपाळावर हात मारला, तो आवाजसुद्धा अलीकडे ऐकू आला.

"अगो बाय माझे! भावजी, दगड आमी खाली घेतलाय!"

"काय?"

"खाली लोटलाय! पाणी उतरलं तसा दगड उतरवला! उन्हाळाभर वर नेलं, आता माझी कंबर धरते, वरती पाणी कोण नेणार? घटाच्या दिवशी एकदा लोटला, परवा एकदा!"

"किती?" कमळू ओरडला. "किती लोटला?"

धोंडीबाईने हात पसरून दाखवला, मग त्याच्यापुढे आणखी अर्धा. "दीड हात! चढ हाय ना इथं, सरळ खालीच आलाय!"

दीड हात. म्हणजे जुन्या जागी दगड कोरडा ठणठणीत असता.

"आधी कधी लोटला नाय तो कुणी!"

"बाईजा लोटू द्यायची काय?" धोंडीबाई म्हणाली. "आमी किती येळा म्हटलं, बाई, खाली घे दगड. ती वरतीच बसायची. पाणी खाली गेलं तरी तांब्या तांब्या पाणी वर न्यायची आणि तिथंच भांडी घासायची. म्हणायची, हलवू नका, आमच्या माणसाचं माप हाय ते."

वीस वर्षं. उन्हाळ्यात पाणी पार खाली जायचं तेव्हासुद्धा. आणि घरी येऊन नुसतं सांगायची, "आज दगड कोरडा हाय," जसं काही वाटेत सहज दिसलं.

साहेबाला सगळं कळलं नव्हतं, पण कमळूचा चेहरा त्याने पाहिला. "काय जाला? कमळू? काय बोलते ती?"

कमळूने डोळे पुसले आणि साहेबाच्या दंडालाच धरलं. एरवी त्याने असं कधी केलं नसतं.

"शेपटाला! साहेब, मासा शेपटाला हाय! पळा!"

दोघे काठाकाठाने पळत सुटले. साहेबाची टोपी करंजाच्या फांदीला अडकली, ती तिथेच राहिली. साहेब दोनदा घसरला, दोनदा कमळूने त्याला काखेत हात घालून उचलला. मागून मुकादम ओरडत होता, "पळून काय होतंय? पाऊण तास राहिला!"

डोहाच्या शेपटाला पाणी गुडघाभर होतं आणि खालचे गोटे मोजता येत होते. पलीकडच्या अंगाला एक मोठा खडक आणि त्याच्या सावलीत तेवढं काळं पाणी. कमळू पोटावर झोपला आणि बघत राहिला. मग त्याने मागे न वळता हात वर केला.

"साहेब, खडकाच्या वर टाका. वर. आणि वाहत येऊ द्या."

पहिली फेक आखूड पडली. दुसरी पलीकडे झुडपात जाता जाता वाचली. तिसरी खडकाच्या हातभर वर पडली, चमचा चमकला, खडकाच्या सावलीत शिरला.

आणि सावलीच हलली.

"खेचा!"

खेचायची गरजच राहिली नाही. दांडी एकदम वाकली, दांडीवरची चक्री किंचाळायला लागली, दोरी पाणी कापत सरसर खाली निघाली. साहेब गुजरातीत काहीतरी ओरडत होता. पलीकडे बायका भांडी टाकून काठाने धावत होत्या.

"लागला! लागला गो! केवढा हाय!"

"सोडा दोरी साहेब! अडवू नका! जाऊ द्या त्याला!"

"खाली धबधबा हाय! तिथे गेला तर दोरी तुटेल!" साहेब ओरडला.

"मी हाय खाली!" असं म्हणून कमळू गोट्यांवरून खाली धावला आणि डोह संपतो तिथे आडवा उभा राहिला. हात मारून मारून पाणी उडवू लागला, तोंडाने हाळी देऊ लागला. मासा त्याच्या पायापाशी आला. कमळूने त्याला पाहिलं. तळहाताएवढे खवले, तांबूस कल्ले, आणि डोळा असा की त्याने माणसाला ओळखावं. मासा वळला आणि परत खोल पाण्याकडे गेला. चक्री थांबली, फिरली, पुन्हा थांबली.

मग दोरी हलेना.

"अटकला," साहेब म्हणाला. त्याचा आवाजच बसला होता. "खडकाला दोरी अटकली."

वरून मुकादम आला. हातात घड्याळ. "साहेब, बारा. आता मला माझं काम करू द्या. अडकलेला मासा पण निघेल, बाकीचे पण निघतील." त्याने वर डोहाकडे हात केला. दोन्ही गडी कांड्या बांधून तयार उभे होते.

"कसले बारा?" पलीकडून धोंडीबाई कडाडली. "सावली बग की तुझी! अजून पायाखाली कुठं आलीय ती!"

बायका खो खो हसल्या. मुकादमाने खरंच खाली पाहिलं, आणि बायका आणखी हसल्या.

कमळू तोवर पाण्यात होता. मानेपर्यंत गेला, मग डोकं खाली. दोरी हातात धरून तिच्यावरून सरकत सरकत तो खडकाच्या बुडाशी पोचला. दोरी कपारीत शिरली होती. एका हाताने जमेना. श्वास संपला, वर आला, ओरडला, "कांडी टाकू नका, मी आत हाय!" आणि परत गेला.

"टाक बघू आता!" धोंडीबाई म्हणाली, आणि लुगडं खोचून तीही गुडघाभर पाण्यात उतरली. तिच्यामागून शकू उतरली, मग बाकीच्या. "टाक ना रे! आमालाबी टोपलीत घाल नि साहेबाला वाढ!"

गड्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कांड्या खाली ठेवल्या.

दुसऱ्या बुडीत दोरी सुटली. तळहात कापला गेला, पाण्यात लाल धागा पसरला, पण सुटली. कमळू खोकत वर आला आणि त्याच क्षणी साहेबाची दांडी पुन्हा जिवंत झाली. मासा आता दमला होता. साहेब मागे मागे चालत गेला, दोरी गुंडाळत गेला, मासा आडवा होऊन वाळूकडे आला. कमळूने मागून जाऊन कल्ल्यात दोन्ही हात घातले आणि मासा, स्वतः, पाणी, गोटे असं सगळं मिळून काठावर येऊन पडलं.

मग साहेबाने कमळूला मिठी मारली, चिखलासकट.

साहेबाच्या काट्यावर चौतीस पौंड भरला.

"नथू," साहेब म्हणाला, "बोलीप्रमाणे पेटी परत. आणि या डोहाजवळ पुन्हा पेटी दिसली तर मी तुला तिच्यावर बसवेन आणि विडी मी पेटवेन. चल, मासा पाठव."

आता एवढा मासा खर्डीपर्यंत न्यायचा तर दोन गडी आणि बांबू लागणार. गडी दोनच होते, बांबूही एकच. तो पेटीच्या दोरांतून काढून माशाच्या कल्ल्यातून घातला आणि गडी मासा घेऊन चालू लागले. उरली पेटी. मुकादमाने इकडे तिकडे पाहिलं. कमळूने आपला कापलेला हात वर करून दाखवला. शेवटी मुकादमाने पेटी स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि विडी विझवून, एकेक पाय जपून टाकत नदी ओलांडली. पलीकडे बायकांनी त्याला वाट करून दिली, फार अदबीने.

साहेबही गेला. कमळू वाळूवर ओला बसला होता, हाताला धोतराची चिंधी बांधून. मासा गेला होता तरी तळहातात अजून ओढ जाणवत होती. अशा वेळी तो घराकडे धावत सुटायचा आणि दारातूनच बाईजाला सांगायला लागायचा. आता तो उठला, दोन पावलं गेला आणि थांबला.

"भावजी!" पलीकडून धोंडीबाई म्हणाली. ती पुन्हा भांडी घासायला बसली होती. "आत खाली काय दिसलं? आमाला इथून काय कळलं नाय. पहिल्यापासून सांगा."

कमळूने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग तो पाण्याच्या काठाशी आला, बसला आणि तोंडाभोवती हात धरून ओरडून सांगू लागला.

"पहिल्यांदा नुसती सावली वयनी! मला वाटलं खडकाचीच हाय! मग शेपूट हललं, एवढं!"

"किती एवढं?"

त्याने दोन्ही हात पसरले.

"ते नाय दिसत इथून," शकू म्हणाली. "आणखी पसरा!"

त्याने आणखी पसरले.