बोटभर हवा

जवसाच्या तेलाचा वास आधी यायचा, अण्णा नंतर. राजाजीनगरच्या त्या घराचा जिना उतरताना सकाळचं ऊन गजांच्या खिडकीतून तिरकं आत शिरलेलं असायचं, पुढच्या खोलीतल्या भुशाला उगाच सोन्याचा मान देत, आणि त्या उजेडात कानशीचा लांब, संथ आवाज चाललेला असायचा, गाढ झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा. पायरीवर थबकलं की वाकलेली पाठ दिसायची, पांढरी बंडी, आणि दोन हात. अण्णांबद्दल सांगायचं तर हातांपासूनच सांगावं लागतं. बाकीचे अण्णा त्या हातांची राखण करायला ठेवल्यासारखे होते.

ते बंदुका दुरुस्त करायचे. परवाना भिंतीवर, लोखंडी कपाट कोपऱ्यात, आणि आढ्याशी टांगून वाळवलेला अक्रोडाच्या लाकडाचा एकच ओंडका, वडिलांच्या वेळचा. आपल्याकडे शिकार बंद होऊन जमाना लोटला, त्यामुळे त्यांच्याकडे येणाऱ्या बंदुका बहुतेक म्हाताऱ्या, वर्षातून एकदा फुलं वाहून घेणाऱ्या. अण्णांच्या घराण्यातला कुणीतरी तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडं आला आणि परत गेलाच नाही. त्यांची मराठी जुन्या तांब्याच्या भांड्यासारखी होती, आतनं कानडीची कल्हई केलेली. मी वरच्या खोलीतला भाडेकरू, निपाणीचा, शाळेत हेडमास्तरांची नक्कल करून त्यांच्याच हातचा मार खाल्लेला. दिवसभर इलेक्ट्रॉनिक सिटीत फोनवर हिंदीत लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि रविवारी जेवताना त्याच तक्रारी आवाजासकट अक्कांच्या, म्हणजे अण्णांच्या बायकोच्या, पानात वाढायच्या, हा माझा धंदा. अक्का हसल्या की सांबाराचा डाव खाली ठेवायच्या. अण्णा हसताना दिसायचे नाहीत, फक्त त्यांचे खांदे हलायचे.

लोखंड लाकडात बसवायची त्यांची रीत बघत मी तास घालवलेत. दिव्यावर काजळी धरायची, ती बोटानं नळीच्या पोटाला फासायची, नळी लाकडाच्या खाचेत दाबायची आणि उचलायची. जिथं काळं उमटलं तिथं लाकूड अजून नडतंय. तेवढंच, तांदळाच्या कणीएवढं, पटाशीनं उचलायचं. परत काजळी, परत दाब, परत एक कणी. असं किती वेळा ते त्यांनाही माहीत नसायचं. दुपार खिडकीतनं सरकत भिंतीवर जायची, भाजीवाला ओरडून जायचा, आणि त्या खोलीत मात्र काळ कणीकणीनं उचलला जात असायचा.

एका रविवारी मी कॉफीचा पेला घेऊन शेजारी टेकलो होतो. ते सहज म्हणाले, "निपाणीकर, काळं कुठं उमटलंय सांग बघू."

मला वाटलं परीक्षा चाललीय. मी बोट ठेवलं, पटाशी माझ्या बोटामागनं आली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्या जिभेवर आलेला विनोद तिथंच वाळला.

"मधलं गेलंय," अण्णा म्हणाले. "कडेकडेचं दिसतं. तुझे कान दिसतात, तोंड नाही. तसं तोंडात काय बघण्यासारखं नाही म्हणा. डॉक्टर म्हणतो आणखी जाणार. अक्काला सांगू नको."

"किती दिवस लपवणार अण्णा?"

"एक रायफल. एक नीट करून देतो, मग सरी, कपाटाला कुलूप." सरी म्हणजे त्यांच्या कानडीतलं ठीक, झालं.

ती एक रायफल फेब्रुवारीत आली, रस्त्याकडेची झाडं गुलाबी फुलांनी वेडी झालेली असताना. आणणारे पूवय्या, कोडगूचे कॉफीमळेवाले, सत्तरीला टेकलेले. आडवे खांदे, पिळलेल्या मिशा, आणि बोलताना सगळं घर आपलं समजणारा आवाज. आयुष्यभराची इच्छा म्हणून ते आफ्रिकेला रानरेड्याच्या शिकारीला निघाले होते. तिथं कायद्यानं चालतं ते, रीतसर कागद करून. कानडीतनं त्यांनी विचारलं, कुठली नेऊ? घरात एक तीनशे पंधराच्या नळीची होती, एक वडिलांची, जास्त रुंद नळीची, तीनशे पंच्याहत्तरची, आणि तिथं कुणीतरी त्याहून दांडगी भाड्यानं द्यायला तयार होता.

अण्णा म्हणाले, "तीनशे पंधरा डुकराला. रेड्याला ती चिमटा काढेल, बस्स. आणि दांडगी घेतलीत तर पहिल्या बारालाच खांदा तिला भिईल. भ्यालेला माणूस घोडा ओढत नाही, झटकतो. मधली घ्या. वडिलांची घ्या. नळी धड आहे तिची, दस्ता तेवढा फुटलाय. तो मी नवा करतो. तुमच्या अंगाचा."

दस्ता म्हणजे ते मागचं लाकूड, जे खांद्याला टेकतं आणि ज्यावर गाल ठेवायचा. अण्णांच्या मते रायफल म्हणजे तेच. नळी कुणीही बनवतं. माप घ्यायला त्यांच्याकडे टेप नव्हती. माणसाला डोळे मिटून उभं करायचं, रायफल खांद्याला लावायला सांगायचं, गाल लाकडावर, आणि मग डोळे उघडायचे. नळीच्या टोकावरचा ज्वारीएवढा मणी, ज्याला ते माशी म्हणत, काही न हलवता अलगद समोर दिसला तर लाकूड तुमचं. रेडा वीस पावलांवरनं धावून येतो तेव्हा मान जुळवायला वेळ नसतो.

पूवय्या उभे राहिले. जुना फुटका दस्ता खांद्याला लावला. अण्णा समोर बसून बघत राहिले, बराच वेळ, आणि शेवटी मान हलवून "सरी" म्हणाले. मला एकट्यालाच माहीत होतं की त्यांना त्या जागी दोन कान दिसले आणि मध्ये राख.

त्या रविवारी जेवताना मी पूवय्या करून दाखवले. आता पूवय्यांची एक लकब होती: रायफल उचलण्याआधी ते दोन्ही गाल टम्म फुगवायचे, जणू नादस्वर वाजवणार आहेत. मी लाटणं खांद्याला लावलं, गाल फुगवले, डोळे वटारले, आणि तसाच थांबलो. अक्कांच्या डोळ्यांतनं पाणी आलं. अण्णांचे खांदे हलले. नकलेचं असं असतं, हशा जिथं पडतो तिथं तुम्ही मुक्काम करता.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी. अण्णांनी मला खाली बोलावलं, दार लोटलं आणि फुटक्या दस्त्याची रायफल माझ्या हातात दिली. "तू त्याच्याएवढाच उंच आहेस. पूवय्या हो. स्वल्प थांब तसाच."

मी पूवय्या झालो. आयुष्यात इतकं मन लावून नक्कल केली नव्हती. अण्णांचे हात माझ्या खांद्यावर आले, कोपराखाली गेले, मानेवर चढले. तेलाचे, काजळीचे, पानासारखे हलके हात. ते माझ्या गालाशी आले आणि रेंगाळले. तिथं बोटांनी लाकूड चाचपलं, गाल चाचपला, पुन्हा लाकूड. "भरलेला आहे रे गाल," ते स्वतःशीच म्हणाले. "गादी आहे नुसती. इथं लाकूड उतरवायला लागणार." मी गाल फुगवलेलाच ठेवला, एवढं जमतंय याचा अभिमान धरून.

मग अक्रोडाचा ओंडका आढ्यावरनं खाली आला. मार्च, एप्रिल. बाहेर ऊन पिकत गेलं, गुलाबी फुलं गटारात सुकून तपकिरी झाली, आणि खोलीत त्या लाकडातनं तांबूस शिरा अशा वर आल्या, जशा पहाटे ढगाला येतात. काळं कुठं ते मी सांगायचो. गालाची जागा मात्र त्यांनी एकट्यानं तासली, अंगठ्यानं बघत, ओठ मिटून, आणि रोज थोडं तेल चोळलं. असा उल्हास मी त्यांच्यात आधी पाहिला नव्हता. डोळ्यांतनं जे जात होतं ते सगळं ते त्या लाकडात नेऊन ठेवत होते.

निघायला चार दिवस राहिले तेव्हा पूवय्या रायफल न्यायला आले. खोलीत आम्ही चौघं. अक्का ताट घेऊन आलेल्या, लोखंडाला हळदकुंकू लावायला. पूवय्यांनी डोळे मिटले, गाल टम्म फुगवले, आणि मग "फू" करून सगळी हवा सोडून दिली. त्यानंतर गाल लाकडावर ठेवला. रिकामा, ओघळलेला, म्हाताऱ्या माणसाचा गाल.

मी आधीही हे बघितलं होतं. त्यातलं फक्त अर्धं उचललं होतं, हसू येणारं अर्धं.

"डोळे उघडा," अण्णा म्हणाले.

पूवय्यांनी उघडले, आणि माशी दिसावी म्हणून मान जरा वर उचलली. अण्णा उठले, चाचपत जवळ गेले, आणि गाल नि लाकूड यांच्यामध्ये त्यांनी तर्जनी घातली. ती आत गेली. सरळ, कुठंही न अडता, पलीकडं निघाली. मी माझ्या तोंडात धरलेली हवा तिथं, अक्रोडाच्या लाकडावर, कायमची बसलेली होती.

"चालेल हो," पूवय्या हळू आवाजात म्हणाले. "मी मान उचलून बघीन."

"तिथं नाही उचलणार तुम्ही. तिथं सगळी शिकवण विसरते. आणि उचललीत तर बार उडाला की लाकूड वर येऊन गालफडावर बसेल." अण्णा खाली बसले. "ही नेऊ नका."

"कागदांवर हिचा नंबर आहे अण्णा. आता दुसरी कुठली?"

मी म्हणालो, "अण्णा, ते गाल माझे..."

"तू गप." आवाज चढला नाही. "हात माझा होता. पंचावन्न वर्षं माणसांच्या गालावरनं फिरलेला. त्याला हवा नि मांस कळलं नाही." मग अक्कांकडं, म्हणजे अक्कांच्या जरा डावीकडं, तोंड करून म्हणाले, "मला दिसत नाही गं. दिवाळीपासनं."

अक्कांनी ताट खाली ठेवलं. "माहीत आहे," त्या म्हणाल्या. "लोणचं समजून चटणी खाताय तुम्ही दिवाळीपासनं."

चार दिवसांत नवा दस्ता होत नाही. अक्रोडही संपला होता. अण्णांनी चामड्याची जाड पट्टी शिवली, दोरीनं गालाच्या जागी बांधली, दहा वेळा ओढून बघितली. घामानं सरकेल, सारखी आवळत राहा, असं दहा वेळा सांगितलंही. पूवय्या गेले. त्यानंतरचे तीन आठवडे अण्णा पुढच्या खोलीत बसून राहायचे, हात मांडीवर पालथे टाकून, आणि ते हात रिकामे बघणं मला जड जायचं. कानस गप्प. उन्हात नुसती धूळ तरंगायची. फोन वाजला की त्यांची मान आधी उठायची, मग सगळे ते. जेवताना मी एकदा कुणाचा तरी आवाज काढायला गेलो. घास तोंडातच फिरत राहिला, आवाज आला नाही.

एका दुपारी पूवय्यांचा फोन आला. रेडा पडला, दोन बारांत, रायफल सुरेख चालली, अण्णांना नमस्कार. आवाज तसाच घरभर पसरणारा. मागोमाग अक्कांच्या मोबाईलवर फोटो आला. अक्कांनी बघितला आणि माझ्यापुढं धरला.

"चेहरा सांग," अण्णा म्हणाले.

मला रेड्याची शिंगं सांगता आली असती, मिशा सांगता आल्या असत्या. माझं तोंड आयुष्यभर तेच करत आलेलं. अक्का माझ्याकडं बघत होत्या, आणि नको सांगू असं त्यांचे डोळे म्हणत होते. अण्णांचा हात पुढं आला आणि माझ्या गालावर थांबला. मी गाल सैल सोडला.

"उजव्या गालफडावर काळंनिळं आहे. डोळ्याच्या खालपर्यंत. टाके आहेत दोन. पट्टी बांधलेली दिसत नाही, सरकलेली असणार. हसतायत ते."

"हसतायत म्हणजे कसं?"

"डाव्या बाजूनंच."

त्यांनी हात काढून घेतला. मग म्हणाले, "सरी. डोळा वाचला." आणि उठून, भिंतीला हात लावत, परवाना खिळ्यावरनं उतरवला.

त्यानंतर ते वर्षभर होते. आता नाहीत. पुढची खोली अक्कांनी धुऊन घेतली तरी दमट दिवसांत फरशीतनं जवसाचा वास सुटतो. अक्का कधीतरी म्हणतात, त्यांचं करून दाखव की रे एकदा. मी उभा राहतो, पाठ वाकवतो, ओठ मिटतो, आणि मध्येच थांबतो. पाठ जास्त वाकली का, हात इतका संथ होता का, हे विचारायचं कुणाला. गेलेल्या माणसाला आठवणं म्हणजे त्याच्या मापाचं काहीतरी रोज थोडं थोडं तासत बसणं, आणि आपलं कुठं चुकलं हे सांगायला तो एकदाही येऊन उभा राहत नाही.