सहा बोटांचा हात

शिलाई यंत्राच्या दुरुस्तीचं पुस्तक अकरा वाजता छपाईला जायचं होतं. माझी लेक महिनाभर त्यावर उमेदवारी करत होती. पुस्तक वेळेत गेलं तर नोकरी पक्की, नाहीतर राम राम. तीस वर्षं पानं लावणारा मी शेजारच्याच टेबलावर.

‘इकडे लक्ष द्या’ म्हणून बोट दाखवणारा हात पुस्तकात दोनशे चौदा ठिकाणी होता. चित्र माझं. लेकीने संगणकावर त्याचा एकच मूळ हात केला. कितीही मोठा केला तरी न फाटणाऱ्या व्हेक्टर रेषांचा, चौकटीसकट, कुठल्याही पानावर बसणारा, मजकूर वाढला की आपला आपण वाढणारा. पानोपानी दिसायची ती त्याचीच रूपं, मूळ बदलला की सगळी बदलणारी.

"एका हाताला आठ दिवस? एवढ्यात मी सगळे चिकटवून हात झटकले असते," मी टोमणा मारला होता.

"बाबा, कीर्तनात ध्रुवपद एकदाच रचतात ना? मग प्रत्येक कडव्यानंतर नुसतं म्हणायचं."

कीर्तनाचा नाद माझा, आणि त्याचाच दाखला माझ्या गळ्यात!

साडेदहाला शेवटचं वाचन करताना मालकीणबाई थबकल्या. "अहो, या हाताला बोटं किती?"

मोजली. अंगठा धरून सहा.

लेकीने मूळ हात उघडला, एक बोट काढलं आणि पानं उलटू लागली. पाच, पाच, पाच. बाईंचा चेहरा निवळत होता, तोच एका पानावर पुन्हा सहा!

"हा का नाही बदलला गं?"

लेक पांढरीफटक. तिला ठाऊकच नव्हतं. ठाऊक होतं ते मला.

"तो मी सुटा केला," मी म्हणालो. "असे नऊ. जरा तिरपे वाटले, म्हणून मूळ हातापासून तोडून सरळ केले. हिला न विचारता."

"बाबा, तुम्ही पण ना! पानं आठवतात का?"

देवाची कृपा, आठवत होती. मी आकडे सांगत गेलो, ती मूळ हात बसवत गेली. अकराला सात मिनिटं असताना पुस्तक गेलं.

"सोमवारपासून कायमची ये," बाई तिला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्ही हिच्या पानांना हात लावायचा नाही. सहा बोटांचा तर मुळीच नाही!"

बोलणी मी खाल्ली आणि छातीही माझीच फुगली. त्या दिवशी भेटेल त्याला मी माझी चूक सांगत सुटलो. लेकीचं कौतुक करायचं तर तिथूनच सुरुवात करावी लागत होती.