थिगळांचे बटण

मित्रांनो, मी एक जुना चित्रसुधारक आहे, आणि खरे सांगायचे तर जन्माचा भित्रा आहे. व्हिडिओची टेप फिरताना जराशी मागेपुढे झाली, की पडद्यावरची माणसे थरथरू लागतात. मी चित्राची प्रत्येक ओळ क्षणभर धरून ठेवतो आणि वेळेवर सोडतो. मग चित्र सरळ दिसते. एखादी ओळ निसटली तर? कारखान्यात मला पहिल्यांदा चालू केले तेव्हाच ही धास्ती मनात बसली.

पुढे मी दूरचित्रवाणी केंद्रात कामाला लागलो. तिथे माझ्या दुसऱ्या विद्येचे फार कौतुक झाले. टेपवर ओरखडा असला की तेवढी ओळ कोरी जाते. मी वरचीच ओळ तिथे पुन्हा उतरवून थिगळ लावायचो. कोणाला पत्ताही लागत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची! मग नवी यंत्रे आली आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. शेजारची यंत्रे एकेक करून भंगारात गेली. दार वाजले की माझी पाचावर धारण बसायची. शेवटी एका दुरुस्तीवाल्याने मला आपल्या दुकानात आणले.

एका दुपारी त्याच्याकडे एक बाई टेप घेऊन आली. तिच्या आईला ऐकता-बोलता येत नसे, ती हातांच्या खुणांनी बोलायची. शेवटच्या आजारात तिने तान्ह्या लेकीसाठी निरोप चित्रित करून ठेवला होता. लेक मावशीकडून ती भाषा शिकली, पण निरोप तिने अजून पाहिला नव्हता.

दुरुस्तीवाल्याने टेप तपासली. तिच्यावरचा, चित्र धरून ठेवणारा थर सुटत चालला होता. ही एकदाच चालेल, त्यातच संगणकावर उतरवून घ्यावी लागेल, असे त्याने स्पष्ट सांगितले. मी हादरलो. माझे भाग म्हातारे झालेले. मध्येच बंद पडलो तर एक आई कायमची गप्प होणार होती.

मी थिगळे लावतो हे कळल्यावर बाई चपापली. एक बोट वर की खाली, एवढ्यावर त्या भाषेतला शब्द बदलतो.

"आईची बोटं तुटक दिसली तरी चालतील," ती म्हणाली, "पण जी तिची नाहीत, ती नकोत."

दुरुस्तीवाल्याने माझे थिगळांचे बटण बंद केले. चारचौघांत उघडे पडल्यासारखे वाटले मला.

टेप सुरू झाली. मी जीव मुठीत धरून एकेक ओळ सांभाळत होतो. पांढऱ्या चऱ्यांमधून दोन हात बोलू लागले. बाई हळूच वाचत गेली, "तुला ऐकू येतं, याचीच मला भीती वाटते. मोठी झालीस की माझे हात विसरशील. विसरलीस तरी..."

तिथे मोठा ओरखडा आला. पडदा कोरा झाला. जुन्या सवयीने मी तळमळलो, पण ती जागा तशीच सोडली. चित्र परतले तेव्हा हात मांडीवर टेकलेले होते. टेप संपली आणि खाली तपकिरी भुकटी उरली.

बाईने हात उचलले आणि पडद्यासमोर काही खुणा केल्या. दुरुस्तीवाल्याने दबकत अर्थ विचारला.

"विसरले नाही, असं सांगितलं तिला."

मित्रांनो, तुमच्याही कपाटात अशी एखादी टेप पडली असेल. थर सुटायच्या आत ती बाहेर काढा. मला थरथरणारे चित्र सरळ करता येते, गेलेले परत आणता येत नाही. भंगाराची भीती मला आता फारशी वाटत नाही. तुम्ही उशिरा याल, याची वाटते.